प्रमाणपत्र दिलंत, आता दर द्या

मुंबईच्या उपनगरांत कुशल कारागिराला प्रमाणपत्र मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. त्या प्रमाणपत्रावर महिन्याला हजार-दोन हजार जास्त मिळवणं मात्र महाकठीण आहे. योजना येतात, शिबिरं होतात, फोटो निघतात, क्यूआर कोड छापलेला कागद हातात पडतो. दुसऱ्या दिवशी मुलुंडचा वायरमन आणि घाटकोपरचा एसी मेकॅनिक त्याच दराने त्याच कामावर हजर असतात. ज्या कागदापोटी कुणी दमडी जास्त मोजत नाही, तो वाटून कारागिराचं भलं होत नाही. भलं कशाने होईल, याचा आज हिशेब मांडू.

हा हिशेब आपल्याच घरांतून सुरू होतो. आज बोरिवली-मुलुंडच्या वन-बीएचकेत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांचं पहिलं भांडवल म्हणजे वडिलांचं किंवा आजोबांचं आयटीआय. विक्रोळीला गोदरेज, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन, पवईला एल अँड टी, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कांदिवलीला महिंद्र, आणि भांडुप-मुलुंडला एलबीएस मार्गाच्या दुतर्फा कारखाने. मुलगा फिटर नाहीतर टर्नर व्हायचा, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी करायचा आणि नशिबाने साथ दिली तर तिथेच चिकटायचा. पुढे सेमी-स्किल्ड, स्किल्ड, हायली स्किल्ड अशा ग्रेड. त्यावर चार्जहँड, सुपरवायझर, एखादा फोरमन. कुठल्या ग्रेडला किती पगार, हे युनियन आणि कंपनीच्या करारात छापलेलं असायचं. त्या पगारावर सोसायटीचं कर्ज फिटलं, मुली ग्रॅज्युएट झाल्या, गावचं घर पक्कं झालं.

तो काळ सगळ्यांसाठी सुखाचा नव्हता. बदली आणि टेंपररी कामगार तेव्हाही भरडले जात होते. पण तेव्हा एक गोष्ट होती जी आज नाही. हात सुधारला की पगार सुधारेल, अशी लेखी सोय होती.

कारखाने गेले, त्यांच्या जागी टॉवर, मॉल आणि ऑफिसं आली. काम काही कमी झालं नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये धावू लागली, तिच्यामागून दहिसर-अंधेरीच्या दोन मार्गिका आल्या. पंतनगरपासून बोरिवलीपर्यंत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत. प्रत्येक टॉवरमध्ये लिफ्ट, जनरेटर, पाण्याचे पंप, आग विझवायची यंत्रणा आणि शेकडो एसी. हे सगळं बसवायला आणि चालू ठेवायला वायरमन, प्लंबर, वेल्डर, मेकॅनिक लागतातच. फक्त हा माणूस आता कुठल्याच कंपनीच्या ग्रेडमध्ये नाही. तो ठेकेदाराच्या पोटठेकेदाराकडे आहे, फॅसिलिटी एजन्सीकडे आहे, ॲपवर आहे किंवा सकाळी नाक्यावर उभा आहे. पंधरा वर्षं त्याने काय काम केलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्या हातात फार तर एक प्रमाणपत्र आहे, आणि ते त्याच्याकडे कुणी मागत नाही.

कागदाला किंमत कधी येते, ते बघायचं तर वीज मीटरचं उदाहरण घ्या. अंधेरी-बोरिवलीत अदानीचं मीटर, मुलुंड-भांडुपला महावितरणचं. नवीन कनेक्शन घ्यायचं तर वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराची सही लागते. महाराष्ट्रात या धंद्यात तीन पायऱ्या आहेत. खाली तारतंत्रीचा म्हणजे वायरमनचा परवाना, त्यावर पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, सगळ्यात वर कंत्राटदाराचा परवाना. नियम चांगला आहे, कारण चुकीच्या अर्थिंगने माणूस मरतो. पण जागेवर काय होतं? गाळ्यात पाइप टाकणारा, वायर ओढणारा, डीबी बसवणारा, अर्थिंगचा खड्डा खणणारा वेगळा. सही करणारा वेगळा, आणि पुष्कळदा त्याने तो गाळा पाहिलेलाही नसतो. सहीचे पैसे ठरलेले असतात, त्यात घासाघीस चालत नाही. घासाघीस होते ती ज्याने काम केलं त्याच्या मजुरीत.

पाण्याचंही तसंच. महापालिकेकडून नळजोडणी घ्यायची तर अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत करावा लागतो. आगीचंही तसंच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीला दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो, आणि तो परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. एरवी झाडूच्या खर्चावर तासभर वाद घालणारी कमिटी हे बिल मुकाट्याने पास करते. कायद्याने कागद मागितला की पैसे निघतात, हे यावरून उघड आहे. ते पैसे हातापर्यंत पोचत नाहीत, हेही तितकंच उघड आहे.

म्हणून पहिली मागणी. टेस्ट रिपोर्टवर कंत्राटदाराच्या सहीखाली, प्रत्यक्ष काम कुणी केलं त्याचं नाव आणि त्याचा परवाना क्रमांक सक्तीने हवा. फॉर्म बीलाही हाच नियम लावा. एका ओळीची भर आहे. पण त्या ओळीमुळे कामगाराच्या नावावर कामाची नोंद जमा होत जाईल, आणि परवाना नसलेल्या माणसाकडून काम करून घेणं कंत्राटदाराला परवडणार नाही. परवाना असलेल्याला मग दर मागता येईल.

आता एक काम जवळून बघा. स्प्लिट एसी बसवायला दोघंजण आले आहेत. इनडोअर आणि आउटडोअर युनिट जोडणाऱ्या तांब्याच्या पाइपचं तोंड फ्लेअर करायचं, नट आवळायचे, नायट्रोजन भरून दाब धरतोय का बघायचं, जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपमधली हवा आणि दमटपणा खेचून काढायचा. हे नीट करायला वेळ जातो. झटपट रस्ताही आहे. पंप आणायचाच नाही, वॉल्व्ह किंचित उघडायचा, मशीनमधल्या गॅसनेच हवा बाहेर ढकलायची आणि लगेच बंद करायचा. काही सेकंदांत काम तमाम. एसी त्या दिवशी थंडही करतो. आत राहिलेला दमटपणा पुढे कॉम्प्रेसरचा जीव घेतो. शिवाय आजच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. तो असा मोकळा सोडणं हा धोका आहे.

पंप लावणाऱ्याला गिऱ्हाईक काय म्हणतं? ‘‘अहो भाऊ, किती वेळ? मागच्या वेळी त्या मुलाने पंधरा मिनिटांत लावला होता.’’ मे महिन्याच्या सीझनमध्ये झटपटवाला दिवसाला चार-पाच एसी लावतो, पद्धतशीर काम करणारा तीनवर अडकतो. दर दोघांना एकच. म्हणजे नीट शिकलेल्या माणसाची कमाई शिकल्यामुळे कमी होते. पावसाळ्यात काम बसतं, तेव्हा ही तूट भरून निघायला वावही नसतो. भारताच्या कूलिंग ॲक्शन प्लॅनने मार्च २०१९ मध्ये २०२२-२३ पर्यंत १ लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. उद्दिष्ट रास्तच होतं. पण प्रमाणपत्र नसलेल्याने एसीला हात लावू नये असा दंडक बाजारात नसेल, तर शिकलेला पोरगा सहा महिन्यांत पंप घरी ठेवायला शिकतो. त्याला दोष देऊ नका. आपणच त्याला ते शिकवतो.

अनुभवाला मान्यता देण्याच्या योजनेचंही हेच झालं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. काम करत करत शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, हा तिचा एक भाग. कल्पना मोलाची आहे. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीतलेच आकडे घ्या. १५ ते २९ वयोगटातल्या केवळ ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलं होतं, आणखी १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकले होते. म्हणजे संस्थेत शिकलेल्या एकामागे जवळजवळ चौघे बापाच्या, काकाच्या, उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. त्यांची विद्या मान्य झालीच पाहिजे. पण ठेकेदाराच्या मस्टरवर त्या प्रमाणपत्राच्या पातळीला रकानाच नाही. अप्रमाणित धरून दिलेली मजुरी आणि प्रमाणित धरून दिलेली मजुरी यांत फरक ठेवायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. सरकार स्वतः मेट्रो, पूल, बोगदे बांधतं. आपल्याच निविदांमध्ये ‘प्रमाणित कारागिराला इतकी जास्त मजुरी’ असं कलम घालायला सरकारला कुणी अडवलंय?

नाक्यावरच्या कारागिराची कोंडी तर याहून मोठी. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला १ टक्का उपकर बांधकामाच्या खर्चावर घेतला जातो आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी मंडळाकडे जमा होतो. विमा, मुलांच्या शिष्यवृत्त्या, प्रसूतीची मदत अशा योजना आहेत. मंडळात नोंदणी करायची तर वय १८ ते ६० हवं आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. सकाळी नाक्यावर उभा राहणारा गवंडी आज एकाकडे, परवा दुसऱ्याकडे. दाखला देणार कोण? ठेकेदार सही करायला कचरतो, कारण कामगार आपला आहे असं लिहून दिलं की पीएफचा प्रश्न येतो, अपघाताची जबाबदारी येते. मग हेलपाटे, मग दलाल. कौशल्याचं प्रमाणपत्र काही दिवसांत मिळतं आणि घाम गाळल्याचा दाखला वर्षभर मिळत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. उपकर वसूल करताना बांधकाम कुठे चालू आहे हे सरकारला ठाऊक असतं. त्याच जागेवर रोजची हजेरी मोबाइलवर नोंदवून घ्या, ९० दिवस आपोआप मोजले जातील.

जिथे प्रमाणपत्राला खरंच भाव आहे, तिथे काय वेगळं होतं? वेल्डरची ६जी चाचणी घ्या. पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरून, कधी खाली वाकून, कधी डोक्यावर हात नेऊन जोड पूर्ण करायचा. मग त्या जोडाची पट्टी कापून वाकवून बघतात किंवा एक्स-रे काढतात. आत पोकळी निघाली की नापास. शिफारस, ओळख, हजेरी यांतलं काही चालत नाही. पास झाला की त्याचा दर बदलतो, कारण पाइपलाइनचा मालक ६जी नसलेल्याला जोडाला हात लावू देत नाही. आणि ही पात्रता जन्मभराची नसते. सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही, तर अमेरिकी एएसएमई कोडप्रमाणे ती संपते. काम, कागद आणि दर यांची इथे गाठ बांधलेली आहे.

सौदी अरेबियानेही प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी टेक्निशियन अशा कामांसाठी व्हिसाआधी भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली. तिथे मालकांकडून होणारी पिळवणूक, एजंटांची लूट, यावर पांघरूण घालायचं नाही. कायद्याने एजंटाची फी ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच आहे, आणि त्याहून जास्त मागणाऱ्याची तक्रार प्रत्येकाने करावी. पण रियाधमध्ये नळ बसवणाऱ्याची परीक्षा होते आणि बोरिवलीत पंचवीस मजली टॉवरचे पंप सांभाळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हे आपल्याला बोचलं पाहिजे. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर लायसन्सवाला आहे ना, याची खात्री करणारे पालक त्याच मुलांच्या खोलीतलं वायरिंग कुणाकडूनही करून घेतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. जर्मनीला माणसं पाठवायची असतील तर जर्मनीकडून शिकूही या. तिथे कारागिरीच्या कित्येक धंद्यांत स्वतःचं दुकान थाटायला उस्तादाची म्हणजे माइस्टरची परीक्षा द्यावी लागते. २००४ मध्ये त्यांनी ५३ धंद्यांवरची ही अट काढून टाकली. फरशी बसवणाऱ्यांसह त्यांतल्या १२ धंद्यांना २०२० मध्ये ती पुन्हा लावली. माइस्टरची पदवी त्यांच्या पात्रता चौकटीत बॅचलर डिग्रीच्या बरोबरीने सहाव्या पातळीवर ठेवली आहे. उस्ताद तिथे शिकवतो, उमेदवार ठेवतो, धंदा चालवतो. आपल्याकडे वीस वर्षं मुरलेला प्लंबर शेवटपर्यंत ‘प्लंबरला बोलवा रे’ एवढाच राहतो.

कागदावर आपल्याकडेही वाट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. पण ही वाट सतरा-अठरा वर्षांच्या, घरून खर्च मिळणाऱ्या मुलासाठी आहे. सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असलेला इलेक्ट्रिशियन दिवसाची हजेरी बुडवून कॉलेजला कसा जाईल? मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला सरकारी आयटीआय आहेत, यंत्रं आहेत, वर्कशॉप आहेत. तिथे संध्याकाळी सात ते नऊ कामगारांसाठी वर्ग चालवा. पर्यवेक्षकाच्या परीक्षेची तयारी, नवे गॅस, इन्व्हर्टर एसी, सोलर, लिफ्टचे कंट्रोल पॅनल. फी परवडेल अशी ठेवा, वर्ग स्टेशनपासून लांब नको. कामावरून सुटलेला माणूस तेवढं नक्की करेल.

उमेदवारीच्या पैशांचाही विचार करा. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिन्याला ७ हजार रुपये ठेवलं. त्यातला चौथा हिस्सा, कमाल दीड हजारापर्यंत, आता सरकार थेट अप्रेंटिसच्या खात्यात भरतं. विरारहून किंवा बदलापूरहून रोज लोकलने येणाऱ्या मुलाने त्यात प्रवास, जेवण आणि घरी द्यायचे पैसे कसे बसवायचे? त्याच्याच वयाचा मित्र बाइकवर पार्सलं पोचवून यापेक्षा सहज जास्त कमावतो. मग हुशार पोरगं उमेदवारी सोडून बाइक धरतं. आज त्याला चार पैसे दिसतात, दहा वर्षांनी हातात कसब नसतं. आणि काही मालक वर्ष संपलं की जुनी बॅच काढून नवी घेतात, म्हणजे स्वस्त हात कायम हाताशी. किती अप्रेंटिस घेतले हा आकडा कंपन्या मिरवतात. किती जणांना पुढे नोकरी दिली, हा आकडा त्याच पाटीवर लिहायला लावा.

ॲपवर काम करणाऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे. शेकडो घरांत काम करून कमावलेलं पाच ताऱ्यांचं रेटिंग त्या ॲपच्या बाहेर शून्य. ॲप बदललं की हा माणूस पुन्हा नवशिका. काम त्याने केलं, तर त्या कामाची नोंदही त्याची. ती त्याला सही-शिक्क्यानिशी मिळाली पाहिजे, आणि परवान्याच्या परीक्षेत अनुभव म्हणून धरली गेली पाहिजे.

सरकारकडे मागायचं ते मागून झालं. आता तुमच्या-आमच्या सोसायटीकडे वळू, कारण उपनगरांत कारागिराचा एक मोठा मालक सोसायटीच आहे. सेक्रेटरीसाहेब, तीन कोटेशनांतलं सगळ्यात खालचं उचलताना त्या आकड्यात माणसाला काय मिळणार, हे एकदा तरी विचारलंत का? एजन्सीबरोबरच्या करारात चार ओळी घाला. इलेक्ट्रिशियन परवानाधारकच हवा आणि त्याच्या परवान्याची प्रत ऑफिसात हवी. परवाना नसलेल्याला एकदम काढायचं नाही, परीक्षेसाठी वर्षभराची मुदत आणि भरपगारी रजा द्यायची. परीक्षा पास झाला की त्या महिन्यापासून ठरलेली पगारवाढ थेट त्याच्या खात्यात. आणि सोडून जाताना, किती दिवस काय काम केलं याचा दाखला सोसायटीच्या लेटरहेडवर.

खर्च किती येईल? शंभर फ्लॅटच्या सोसायटीने एका प्रमाणित इलेक्ट्रिशियनला महिन्याला २ हजार रुपये जास्त दिले, तर प्रत्येक फ्लॅटवर बोजा पडतो २० रुपयांचा. पंप ऑपरेटर आणि प्लंबरलाही तेवढेच दिले, तर ६० रुपयांचा. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव घ्या. मांडायला सूचक हवा आणि अनुमोदक हवा, एवढंच. त्या दोन नावांत तुमचं नाव असू द्या.